जर्मनीला पाच महिने, दिवसाचे 30 युरो: कुपवाडच्या एका डेप्युटेशनचा पूर्ण हिशोब

हे प्रकरण माझ्या धाकट्या दिरांचं आहे, त्यांना विचारूनच लिहितेय. कंपनीचं नाव घेणार नाही, पण आकडे लपवणार नाही, कारण आकड्यांशिवाय या विषयात काही अर्थच नाही. मी मिरज एमआयडीसीत एका युनिटमधे चौदा वर्षं पगारपत्रकं करते, त्यामुळं घरात पगाराचं काही आलं की कागद माझ्याकडं येतो. आपल्या सांगली मिरज कुपवाडमधून, तिकडं सातारा कराडकडून पण, आता बरीच पोरं मशीन लावायला, ट्रेनिंगला, सर्व्हिसला बाहेर जातात आणि जाताना एकच प्रश्न विचारतात, दिवसाला किती देणार? हा प्रश्नच अपुरा आहे हे मला या प्रकरणात नीट कळलं म्हणून सविस्तर लिहितेय.

भाऊजी कुपवाड एमआयडीसीत स्पेशल पर्पज मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहेत, पीएलसी म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग आणि कमिशनिंग, म्हणजे मशीन कस्टमरकडं चालू करून देणं, बघतात, डिप्लोमा झालाय, दहा वर्षांचा अनुभव, महिन्याचा ग्रॉस 70,000. घरात बायको, चार वर्षांची मुलगी, आणि सासूबाई त्यांच्याकडंच असतात, गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालेलं त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झालेले. जुलै 2025 मधे साहेबांनी केबिनमधे बोलावलं आणि सांगितलं, श्टुटगार्टजवळच्या कस्टमरकडं आपल्या दोन मशीन चालल्यात, ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथं राहून चालू करून द्यायच्या, दिवसाला 30 युरो, राहायचं कंपनीचं, तिकीट कंपनीचं, विमा कंपनीचा.

संध्याकाळी घरी आनंदीआनंद. 30 गुणिले 150 म्हणजे 4,500 युरो, युरो तेव्हा शंभरच्या आसपास, म्हणजे साडेचार लाख! सासूबाईंनी लगेच गणपतीला पेढे ठेवायला सांगितले. आमच्या ह्यांनी तर कुठली गाडी घ्यायची इथपर्यंत मजल मारली. मी विचारलं, भाऊजी तुम्ही साहेबांना काय म्हणालात? तर म्हणाले, "काय म्हणणार वहिनी, म्हटलं तुमच्यावर सोडतो साहेब, तुम्ही बघाल ते योग्यच."

मला खरंच राग आला. हे वाक्य आपल्याकडं चांगल्या घरचं वळण म्हणून शिकवलं जातं, आणि घरातल्या थोरांपुढं ते शोभतंही, पण कंपनीत समोरचा माणूस ते ऐकून मनातल्या मनात फाइल बंद करतो. साहेब माणूस वाईट नाही, पुढं ते दिसलंच, पण त्यांच्यापुढं बजेटचा कागद असतो आणि तुम्ही काही मागितलंच नाही तर तुमच्यासाठी त्यात ओळ कुठून येणार?

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तीन रकाने पाडले. पहिला, तिथं राहायला लागणारा खर्च. दुसरा, इथं मागं घरात वाढणारा खर्च. तिसरा, मोबदला, म्हणजे घर सोडून पाच महिने जाताय, रोज दहा तास उभं राहताय, जबाबदारी सगळी एकट्यावर, त्याचे पैसे. मग विचारलं, साहेबांचे 30 युरो कुठल्या रकान्यात जातात? भाऊजी बराच वेळ कागदाकडं बघत बसले आणि म्हणाले, "पहिल्यातच." दुसरा आणि तिसरा रकाना रिकामा. पगार 70,000 तोच, काम दुप्पट, आणि वाढवून म्हणून जे देतायत ते जेवणाचे, बसचे, फोनचे पैसे. साडेचार लाख सुटतात ते पोट मारलं तरच. आधी गेलेल्या दोघांनी हेच केलेलं, ब्रेड आणि मॅगीवर पाच महिने काढून पैसे आणलेले, त्यातला एकजण अशक्त होऊन आलेला मी स्वतः बघितलाय. तो कंपनीने दिलेला जादा पैसा नव्हता, त्याच्या न खाल्लेल्या जेवणाचा पैसा होता.

आठवडाभराने दुसरी मीटिंग झाली. साहेबांचं म्हणणं तयार होतं, "अरे जर्मन सरकार सुद्धा 28 युरोच धरतं, आपण 30 देतोय." हा आकडा खरा आहे, जर्मनीच्या करकायद्यात देशातल्या देशात कामासाठी बाहेर राहिलं तर पूर्ण दिवसाला 28 युरो आणि जाण्यायेण्याच्या दिवसाला 14 युरो करमुक्त धरतात, 2020 पासून. पण तो आकडा फक्त जेवणाचा आहे, आणि तो ज्याला मिळतो त्या जर्मन माणसाचा जर्मन पगार चालू असतो, त्याच्यावर हे 28. आपल्या माणसाला पगार सांगलीचा आणि तुलना मात्र जर्मनीच्या भत्त्याशी, हे जुळत नाही. भाऊजींनी हे साहेबांना शांतपणे सांगितलं, त्यांच्या सांगण्याप्रमाणं साहेब दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले बघू.

आता मुख्य भाग. पाच महिने म्हणजे 90 दिवसांच्या वर, त्यामुळं साधा शेंगेन व्हिसा चालत नाही, जर्मनीचा वेगळा लांब मुदतीचा व्हिसा लागतो आणि कामाचा असला की तिथल्या रोजगार खात्याची मंजुरी लागते, पगार आणि अटी स्थानिक माणसापेक्षा वाईट नाहीत ना हे ते बघतात. म्हणून कंपनीनं व्हिसासाठी एक पत्र तयार केलेलं. त्यावर भाऊजींची सही पाहिजे होती आणि पुण्याच्या अपॉइंटमेंटला सहा दिवस राहिले होते. एचआरच्या मॅडमनी व्हॉट्सअपवर पीडीएफ टाकली, सही करून पाठवा म्हणून. मी ती उघडली तर त्यात लिहिलेलं, जर्मनीत असताना महिन्याला एकूण 2,800 युरो.

भाऊजी म्हणाले, "वहिनी हे चुकून पडलंय वाटतं." चुकून नव्हतं पडलेलं. मी एचआरला फोड मागायला लावली, ती आली: पगाराचे 700, दिवसाच्या 30 ने जेवणखर्चाचे 900, रूमभाड्याचे 900, प्रवास आणि विम्याचे 300. बेरीज बरोबर 2,800. म्हणजे कागदावर तुम्ही 2,800 युरोवाले, आणि खिशात आपले तेच 70,000 रुपये.

इथं कायदा काय आहे ते सांगते कारण हे आपल्याकडं फार कमी लोकांना माहिती आहे. जर्मनीचा किमान वेतनाचा कायदा जर्मनीच्या जमिनीवर काम करणाऱ्याला लागू होतो, कंपनी भारतातली असली तरी. 2025 मधे तो दर तासाला 12.82 युरो होता, 1 जानेवारी 2026 पासून 13.90 झाला. आठवड्याला 40 तास धरले तर महिन्याचे साधारण 173 तास, म्हणजे 2025 चा हिशोब 2,218 युरो. आणि परदेशी पाठवलेल्या कामगारांबद्दल युरोपात नियम असा आहे की प्रवास, जेवण, राहणं याची भरपाई म्हणून दिलेले पैसे या किमान वेतनात धरता येत नाहीत. म्हणजे 2,800 मधून 900, 900 आणि 300 काढले की उरले 700. पाहिजेत 2,218. महिन्याला 1,518 युरो कमी, पाच महिन्याचे साडेसात हजारावर युरो. माझा तिसरा रकाना, जो लाइट बिलावर रिकामा होता, तो असा कायद्यानंच भरून दाखवला.

पण हे साहेबांपुढं मांडायचं कसं हा खरा प्रश्न. धमकी दिल्यासारखं झालं की सगळं मोडतं, भाऊजींना त्याच कंपनीत पुढं नोकरी करायचीय, आणि सांगलीत सगळे एकमेकांना ओळखतात, आज इथं भांडलात की उद्या दुसऱ्या गेटवर तुमच्या आधी बातमी पोचलेली असते. शिवाय मी घरातली वहिनी, माझं नाव पुढं यायला नको होतं. मार्ग सापडला तो कस्टमरच्या पर्चेस ऑर्डरमधे. भाऊजींकडं टेक्निकल अटींसाठी ती पूर्ण फाइल होतीच, मी म्हटलं शेवटची कमर्शियल पानं पण बघा. त्यात एक कलम होतं की सप्लायर जर्मनीत पाठवलेल्या आपल्या माणसांना तिथलं किमान वेतन देईल आणि मागितल्यावर पुरावा देईल. बऱ्याच जर्मन कंपन्या सप्लायरकडून हे लिहून घेतात. खाली साहेबांचीच सही, न वाचता केलेली, कारण तीस पानं कोण वाचतो.

तिसऱ्या मीटिंगला भाऊजी ते पान घेऊन गेले. काय बोलायचं ते आम्ही आधी दोनदा तीनदा म्हणून बघितलेलं. ते म्हणाले, "साहेब, हे कलम बघा, तिथं कस्टम खात्याची माणसं साइटवर येऊन कामगारांचे तास आणि पगार तपासतात, उद्या मला विचारलं तर मी खोटं सांगू शकत नाही, आणि खरं सांगितलं तर आपल्या कंपनीवर दंड आणि कस्टमर हातचा जाईल, आपण हे आधीच नीट करूया का?" कस्टम खातं हे तपासतं हे खरं आहे, तिथं त्यांचा वेगळा विभागच आहे त्यासाठी. साहेबांनी पान वाचलं, चष्मा काढून परत वाचलं, आणि म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलं कुणी?" त्या क्षणी ते भाऊजींच्या विरुद्ध बाजूला नव्हते, दोघं एकाच बाजूनं कागद बघत होते. माझ्या मते सगळ्या बोलणीत हाच क्षण महत्त्वाचा होता.

कंपनीची बाजू पण सांगायला पाहिजे. त्या ऑर्डरमधे मार्जिन कमी, उशीर झाला तर आठवड्याला दंड, आणि इन्स्टॉलेशनचं कोटेशन देताना सेल्सच्या माणसानं फक्त पर डायम, म्हणजे दिवसाचा भत्ता, आणि तिकीट धरलेलं. म्हणजे पैसा साहेबांनी खिशात घातला नव्हता, तो कोटेशनमधेच नव्हता. त्यामुळं त्यांनी सांगितलं एवढं सगळं जमणार नाही, आणि दोन दिवस मागून घेतले. ते दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही, जाऊबाई म्हणायला लागल्या की जास्त ताणलंत, आता दुसऱ्यालाच पाठवतील. पण त्या मशीनचा प्रोग्रॅम भाऊजींनीच लिहिलेला, दुसऱ्याला समजून घ्यायला महिना गेला असता. आपलं वजन कशात आहे हे आपल्याला माहिती पाहिजे आणि ते तोंडानं बोलून दाखवायची गरज नसते, समोरच्याला पण माहिती असतं.

शेवटी जे ठरलं ते असं. तिथं असेपर्यंत महिन्याचा एकूण ग्रॉस 2,450 युरोच्या खाली जाणार नाही. आकडा युरोत लिहिला हे मी मुद्दाम करायला लावलं, कारण रुपयात लिहिला असता तर युरो महाग झाल्यावर तेच रुपये कमी पडले असते. 2,450 अशासाठी की जानेवारीचा नवा दर 13.90 घेतला की 173 तासांचे 2,405 होतात, किमान वेतन आयोगाची शिफारस जूनमधेच आलेली, त्यामुळं आधीच धरता आला. म्हणजे 700 चा पगार आणि वर साधारण 1,750 युरो जर्मनी अलाउन्स, पगारपत्रकातून, भारतातल्या खात्यात. पर डायम 45 मागितलेला, 35 वर तुटलं. लोकल प्रवासाचा पास वेगळा, तिथं देशभर चालणारं महिन्याचं तिकीट 58 युरोचं होतं, ते कंपनीचं. गरम कपड्यांचे एकरकमी 20,000 रुपये. झोपायची खोली स्वतंत्र, स्वयंपाकघर सामायिक. जाण्याआधी कार्डावर 1,000 युरो ॲडव्हान्स, ही गोष्ट बारकी वाटते पण पहिलं बिल मंजूर व्हायला महिना दीड महिना जातो आणि तोपर्यंत पोरं आपल्या खिशातनं घालतात.

टॅक्सचं मात्र पूर्ण जमलं नाही आणि ते मला अजून सलतंय. बाहेर मिळालेल्या पैशाला इथं टॅक्स नाही असं आपल्याकडं सर्रास समजतात. दीडशे दिवस बाहेर राहिलेला माणूस इन्कम टॅक्ससाठी रहिवासीच राहतो, त्याचं सगळं उत्पन्न इथं धरतात. जर्मनीत टॅक्स लागला नाही कारण दोन देशांच्या करारात 183 दिवसांच्या आतलं काम, पगार भारतातल्या कंपनीचा आणि त्याचा बोजा तिथल्या कुठल्या ऑफिसवर नाही, अशी सवलत आहे. पण इथं बघा, नवीन पद्धतीत 2025-26 ला भाऊजींचे 8,40,000, त्यातून 75,000 स्टँडर्ड डिडक्शन गेलं की टॅक्स शून्य. त्यात 8,750 युरोचे 8,75,000 मिसळले की करपात्र 16,40,000, आणि टॅक्स सेससकट 1,33,120. शून्यावरनं थेट एवढा. मी मागितलेलं की हा फरक कंपनीनं भरावा, मोठ्या कंपन्या भरतात, यांनी नाही म्हटलं. तरी हातात 7,41,880 जादा येतात, म्हणून तिथं मी ताणलं नाही. पर डायमला मात्र प्रत्यक्ष खर्च झाला तेवढी सूट मिळते, नव्या पद्धतीत सुद्धा, म्हणून भाऊजींना सांगितलं दुकानाची प्रत्येक पावती फोटो काढून ठेवा, आणि त्यांनी ठेवल्या, बटाट्याच्या पिशवीची पण ठेवली.

दुसरं एक काम एचआरला माहितीच नव्हतं. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, 1 मे 2017 पासून लागू, त्यामुळं इथं पीएफ भरणाऱ्या माणसाला कंपनीनं पीएफ ऑफिसमधनं कव्हरेजचा दाखला काढून दिला तर तिथली पेन्शनची वर्गणी कापत नाहीत. ती वर्गणीच 18.6 टक्के, त्यातली निम्मी कामगाराची. दाखला काढायला कंपनीला फारसा खर्च नाही, फक्त वेळेत अर्ज करायचा. मी भाऊजींकरवी तीनदा आठवण केली तेव्हा निघाला.

बॉन्डचं पण आलंच. परत आल्यावर दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, नाहीतर 5 लाख. आमच्या ह्यांचं म्हणणं, असले बॉन्ड कोर्टात टिकत नाहीत, करा सही. असं समजून सही करू नका. सुप्रीम कोर्टानं मे 2025 मधे विजया बँकेच्या केसमधे तीन वर्षांचा आणि 2 लाखांचा बॉन्ड वैध धरलाय. त्यामुळं आम्ही तिथं भांडलो आणि एक वर्ष, 2 लाख, आणि दर महिन्याला रक्कम कमी होत जाणार असं लिहून घेतलं. सुट्टीच्या दिवशी काम झालं तर परत आल्यावर तेवढी भरपगारी रजा, हे पण पत्रात आलं.

जे गेलं ते दिवाळीचं तिकीट. मधे एकदा घरी यायचं तिकीट मी यादीत सगळ्यात खाली ठेवलं होतं कारण पैशाचे मुद्दे मोठे वाटले, आणि शेवटी साहेब म्हणाले आता बास, एवढं दिलंय. भाऊजी तेव्हा हो म्हणाले. ऑक्टोबरमधे पहिली आंघोळ झाल्यावर मुलीनं फोन हातात घेऊन फुलबाजी दाखवली आणि बाबा तुम्ही पण लावा म्हणाली, तेव्हा भाऊजी कामाच्या बुटात, मागं मशीनचा आवाज, तिथं सकाळ पण झालेली नव्हती, नाइटला होते. जाऊबाईंनी तो दिवस कसा काढला मी बघितलंय, सासूबाईंना धरून बाथरूमपर्यंत नेणं, पोरीचा ताप, सगळं एकटीनं. दुसरा रकाना, मागं राहिलेल्या घराचा, तो आम्ही शेवटपर्यंत नीट भरलाच नाही. सासूबाईंसाठी दिवसाची बाई ठेवली तिचे महिन्याला 9,000 घरातनंच गेले. ते कंपनीकडं मागायला पाहिजे होते आणि तिकीट यादीत पहिलं पाहिजे होतं, दोन हजार युरो कमी घेऊन पण.

जेवणाचं मात्र यावेळी हाल झाले नाहीत. जाताना तीन किलो कांदा लसूण मसाला, छोटा कुकर, आणि भडंगाचे पुडे दिले. महिन्याला 280 ते 300 युरोत पोटभर करून खाल्लं त्यांनी, रविवारी तिथं दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच बाजार. वजन दोन किलोनी वाढून आले.

जानेवारीच्या पगारात पेरोलवाल्यानं अलाउन्स 1,518 च्या जुन्या हिशोबानं काढला होता, पत्रातला 2,450 चा आकडा बघितलाच नाही. भाऊजी म्हणाले राहू दे वहिनी, थोडक्यासाठी कशाला. मी पत्राचा फोटो आणि दोन ओळींचा मेल तयार करून दिला, चार दिवसांत फरक जमा झाला. आता त्याच कंपनीतला दुसरा पोरगा, तासगावचा, मार्चमधे त्याच कस्टमरकडं चाललाय. त्याला मिळालेलं पत्र मी बघितलं, भाऊजींचंच पत्र नाव बदलून दिलंय, युरोचा आकडा आहे, पास आहे, कपड्यांचे पैसे आहेत. मधल्या तिकिटाची ओळ नाही. त्याची बायको सातव्या महिन्यात आहे. रविवारी दोघांना घरी बोलावलंय, सही करू नका म्हणून सांगितलंय तोपर्यंत.